सूरसंवाद : उन्हाळी संगीतोत्सव आणि स्वतंत्र कलावंत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की इंदूरच्या आसपासच्या लहान गावांत मंदिराच्या प्रांगणात, जुन्या वाड्याच्या चौकात किंवा शाळेच्या मैदानावर दोन-तीन रात्रींचे संगीतोत्सव भरतात आणि त्यांत आता स्वतःच्या रचना स्वतः बांधून गाणारे, कोणत्याही कंपनीशी करार नसलेले स्वतंत्र कलावंतही बोलावले जाऊ लागले आहेत. असे कलावंत, त्यांना बोलावणारे कार्यकर्ते आणि त्यांच्या घरची माणसे यांचे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी दिवसा नोकरी करतो आणि मराठी कवितांना चाली लावून गातो. गिटार, हार्मोनियम, तबला आणि गायन असा आमचा चौघांचा संच आहे. धार जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी उन्हाळी उत्सवात गाण्याचे निमंत्रण आले आहे. आयोजक म्हणतात, "बिदागी देणे जमणार नाही, पण तुमचे नाव होईल." जावे का?
— एक तरुण संगीतकार, सुदामानगर, इंदूर

तुम्ही जावे असे मला मनापासून वाटते, परंतु या अटीवर जाऊ नये. स्वतःची बिदागी सोडण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तबलजीची बिदागी त्याच्या वतीने सोडण्याचा अधिकार तुम्हाला नाही. वैशाख म्हणजे लग्नसराई. साथ करणाऱ्या वादकाला वर्षातली बरीचशी कामे याच दिवसांत मिळतात आणि एखाद्या मुहूर्ताच्या रात्री तो तुमच्याबरोबर धारच्या बाजूला आला, तर इंदूरमधले ठरलेले काम सोडूनच येतो. म्हणून आयोजकांशी बोलताना प्रवास, राहणे-जेवण, साथीदारांचे मानधन आणि तुमची स्वतःची बिदागी हे चार विषय वेगवेगळे मांडा आणि पहिल्या तीन बाबतींत तडजोड करू नका. चौथ्या बाबतीत काय करायचे ते तुमच्या मनावर आहे.

हे बोलणे संकोचाचे वाटते, याची मला जाणीव आहे. आपल्याकडे गाण्याला विद्या मानले जाते आणि विद्येचा मोल-भाव करू नये, अशी शिकवण घरातूनच मिळालेली असते. परंतु मंडपवाला, जनरेटरवाला, पत्रिका छापणारा आणि खुर्च्या पुरवणारा या प्रत्येकाची रक्कम ज्या अंदाजपत्रकात धरली आहे, पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचीही धरली आहे, त्यात ज्यांच्यासाठी एवढी मांडामांड करायची त्या गाणाऱ्यांसाठीच काही धरलेले नसेल, तर ते अंदाजपत्रक पुन्हा मांडायला सांगणे हा उद्धटपणा नाही. सांगण्याची रीत मात्र आर्जवाची असावी. लहान गावचे आयोजक पुष्कळदा स्वतःच्या खिशाला खार लावून उत्सव करतात आणि त्यांच्याशी कारखानदाराशी बोलावे तसे बोलून चालत नाही.

रक्कम खरोखरच जमत नसेल, तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे संच लहान करावा. कवितेच्या गाण्याला गिटार आणि आवाज एवढेही पुरते आणि दोन माणसे इंदूर ते धार हे साठ-पासष्ट किलोमीटरचे अंतर बसनेही जाऊ शकतात. दुसरा म्हणजे किमान एक ठरावीक रक्कम आणि त्यावर त्या रात्री जमलेल्या देणगीतला किंवा तिकीटविक्रीतला ठरलेला वाटा, असे लिहून घ्यावे. लिहून घेणे म्हणजे मुद्रांकावरचा करारच हवा असे नाही. दिनांक, गाण्याची वेळ, किती मिनिटे, रक्कम किती, त्यातली आगाऊ किती, मुक्कामाची सोय कोठे आणि वळवाचा पाऊस येऊन कार्यक्रम रद्द झाला तर काय, एवढे एका पत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात दोघांनी मान्य केलेले असावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात माळव्यात संध्याकाळी अचानक वावटळ सुटून मंडप फाटणे ही काही अपूर्व गोष्ट नाही आणि तो मुद्दा आधीच ठरलेला असला, म्हणजे त्या गोंधळात पैशांवरून मने दुखावत नाहीत.

आणि "नाव होईल" याचा नेमका अर्थ आयोजकांना विचारा. पत्रिकेवर कवी आणि संगीतकार म्हणून वेगवेगळा उल्लेख, निवेदनात तुमच्या इंटरनेटवरील वाहिनीचा पत्ता, प्रवेशद्वाराशी तुमच्या ध्वनिमुद्रणांची माहिती देणारे टेबल, कार्यक्रमाचे चांगल्या प्रतीचे ध्वनिचित्रमुद्रण तुमच्या हाती, एवढे ते देऊ शकत असतील, तर नाव होण्याला काही आकार येतो.

प्रश्न : आमच्या गावच्या उत्सवात गेल्या वर्षी सर्वांत शेवटी, मोठ्या नावाच्या कलावंतानंतर, एका नव्या दमाच्या गायिकेने स्वतःच्या रचना गायल्या. गाणे उत्तम होते, पण निम्मे श्रोते उठून गेले आणि उरलेल्यांतून सिनेगीतांच्या फर्माइशी आल्या. तिला पुन्हा बोलवावे असे मला वाटते, समितीतील इतरांना वाटत नाही. काय करावे?
— उत्सव समितीचे एक सदस्य, निवृत्त शिक्षक, देवास जिल्हा

आपण तिला अवश्य बोलवावे. समितीतील मंडळींना आपण आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देऊ शकता. पं. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणे बंद असलेल्या त्या काळात त्यांनी माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी कान देऊन ऐकली, लोकधुनांतून नवे राग उभे केले आणि पुढे वर्षा, हेमंत, वसंत अशा एकेका ऋतूवर संपूर्ण कार्यक्रम रचले. हे सारे त्या वेळी नवेच होते आणि ते स्वीकारणारे पहिले कान याच भागातले होते. इंदूरचेही तसेच आहे. उस्ताद अमीर खाँ साहेबांचे वडील शाहमीर खाँ हे सारंगीवादक. त्यांच्या इंदूरच्या घरी जमणाऱ्या कलावंतांचे गाणे-बजावणे ऐकत तो मुलगा वाढला आणि पुढे त्याने इतकी संथ, इतकी अंतर्मुख गायकी मांडली, की सुरुवातीला तीही अनेकांना अनोळखी वाटली असणार. नवे ऐकण्याची सवय या मातीला आहे. ती सवय जागी करण्यासाठी मांडणी मात्र विचारपूर्वक करावी लागते.

आपल्या पत्रावरून दिसते, की त्या गायिकेला आपण सर्वांत शेवटी, मोठ्या नावाच्या कलावंतानंतर बसवले होते. तिथेच तिच्यावर अन्याय झाला. ज्याला ऐकण्यासाठी लोक आले त्याचे गाणे झाल्यावर माणसे चपला शोधू लागतात. त्यात लहान मुले झोपेला आलेली असतात. अगदी पहिली जागाही नको, कारण तेव्हा लोक जागा धरत असतात आणि दीपप्रज्वलनाची लगबग संपलेली नसते. दुसरी जागा सर्वांत चांगली. मैदान भरलेले असते, ऐकण्याची भूक असते आणि पुढे मोठे नाव आहे म्हणून कोणी उठत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटे द्यावीत. सत्कार आणि भाषणे त्या वेळेतून कापू नयेत. उशीर झाला की सर्वांत आधी नवख्या कलावंताची वेळ कमी केली जाते, ही आपल्या उत्सवांतली फार वाईट खोड आहे आणि ती मोडण्याचे काम आपल्यासारख्या ज्येष्ठांनीच करायला हवे.

दुसरी गोष्ट शब्दांची. अनोळखी चालीत अनोळखी शब्द उघड्या मैदानावर कानावर पडले, तर निम्मे हवेत विरतात. त्या संध्याकाळी गायल्या जाणाऱ्या चार-पाच कवितांचा एक साधा छापील कागद श्रोत्यांच्या हाती दिला, तर आजीबाईसुद्धा चष्मा लावून ओळींवर बोट ठेवून ऐकतात. खर्च अगदी किरकोळ आहे. तसेच त्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, गावातल्या मुलामुलींसाठी तासाभराची शिकवणी ठेवून त्यांना तिची एक रचना शिकवता आली आणि रात्री ती तिच्याबरोबर रंगमंचावर त्यांनी म्हटली, तर त्या मुलांची घरे श्रोत्यांत असतीलच. सुट्टीत आजोळी आलेल्या मुलांना सकाळी दुसरे काम तरी काय असते?

फर्माइशींबद्दल निवेदकाने सुरुवातीलाच नम्रपणे सांगावे, की या सत्रात कलावंत स्वतःच्या रचना सादर करणार आहेत. निवेदकाने एवढेच सांगावे आणि शेरोशायरी आवरती घ्यावी. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्ये गायिकेनेच बोलावीत. श्रोत्यांशी तिची ओळख त्यातूनच होते.

प्रश्न : मी बासरी वाजवतो. गेल्या उन्हाळ्यात एका गावी खुल्या रंगमंचावर माझी बासरी चढी आणि मित्राची गिटार उतरलेली, असे सतत होत राहिले. त्यात तबल्याचाही सूर फिरला. घरी सर्व वाद्ये जुळलेली होती. असे का होते आणि त्यावर उपाय काय?
— एक वादक, महू

या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण रंगमंचावर बेसूर झाल्याचा दोष वादक स्वतःकडे घेतात आणि खरे कारण हवेत असते.

बासरीचा सूर तिच्या पोकळीतील हवेच्या कंपनावर ठरतो. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो : 20 अंश सेल्सिअस तापमानाला हा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, तर 40 अंशांना सुमारे 355 मीटर. या फरकाने सूर जवळजवळ साडेतीन टक्के चढू शकतो आणि कोमल स्वरापासून शुद्ध स्वरापर्यंतचे अंतर सुमारे सहा टक्क्यांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही चढ किती मोठी आहे ते कळते. तुमचा श्वास बासरीला गार हवेतही थोडी तापवतोच, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी राहतो; तरी कानाला खुपण्याइतका असतो. गिटारचे नेमके उलटे. पोलादी तार तापून किंचित लांबते, तिचा ताण सैल होतो आणि सूर उतरतो. म्हणजे एकच उष्णता एका वाद्याला वर ढकलते आणि दुसऱ्याला खाली ओढते. घरी पंख्याखाली जुळवलेली जोडी संध्याकाळी सातच्या सुमारास, दिवसभर तापलेल्या फरशीच्या रंगमंचावर फाकली, यात नवल काहीच नाही.

तबल्याचे शास्त्र निराळे आहे, तिथे ओल महत्त्वाची. कोरड्या उन्हाळी हवेत पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचे कातडे, सुकून ताणली जाते आणि सूर चढतो. मग आयोजक आपुलकीने रंगमंचाशेजारी मोठा कूलर आणून ठेवतात आणि त्याची दमट हवा थेट तबल्यावर येते. पुडी ओल धरते आणि पंधरा-वीस मिनिटांत सूर उतरू लागतो. तबलजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर, ठोकून सूर वर आणतो, तेवढ्यात कोणी कूलर दुसरीकडे वळवतो आणि पुन्हा सारे पहिल्यापासून. या कूलरचा घरघराट माइकमध्ये शिरतो तो वेगळाच. म्हणून कूलर वादकांच्या मागे, वाद्यांवर झोत येणार नाही असा ठेवायला सांगावे आणि गाणे सुरू झाल्यावर त्याचे पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. त्याऐवजी दुपारी चारनंतर रंगमंचाच्या फरशीवर दोन-तीनदा पाणी मारले, तर संध्याकाळपर्यंत फरशी निवते आणि वाळतेही.

वाद्ये अर्धा-पाऊण तास आधी खोळीतून काढून रंगमंचाजवळ सावलीत ठेवावीत आणि तिथल्या हवेत मुरल्यावरच जुळवावीत. बंद मोटारीच्या डिकीत दुपारी ठेवलेल्या वाद्याचे लाकूड जोडणारा सरस सैल पडू शकतो, सतार-तंबोऱ्याची जवारी (घोडीवरचा, तारेला नाद देणारा पृष्ठभाग) बिघडते. तेवढे कृपा करून करू नये. जुळवताना आधार कोणता धरायचा हेही ठरवावे. संचात हार्मोनियम असेल तर तिचा सूर हलवता येत नाही, म्हणून बाकी सर्वांनी तिच्याकडे यावे आणि तुम्ही किंचित लांब, म्हणजे थोड्या खालच्या सुराची दुसरी बासरी जवळ ठेवावी. हार्मोनियम नसेल तर बासरी चार-पाच मिनिटे वाजवून तापवावी आणि मग तारांची वाद्ये तिच्याशी जुळवावीत. दोन-तीन रचनांनंतर पुन्हा एकदा सूर पाहण्यासाठी मिनिटभर थांबले, तर श्रोते रागावत नाहीत. तो मिनिट त्यांनाही हवा असतो.

प्रश्न : वैशाखात मल्हार गाऊ नये, असे माझे आजोबा सांगत. माझी एक स्वतंत्र रचना मियाँ मल्हारवर बेतलेली आहे. उन्हाळी उत्सवात ती गावी का?
— एक वाचिका, इंदूर

आजोबांचे सांगणे परंपरेला धरून आहे : मल्हार हा वर्षा ऋतूचा राग, त्या ऋतूत तो कोणत्याही प्रहरी गातात. शुद्ध रागदारीच्या बैठकीत मी तो संकेत पाळीन आणि रात्रीच्या सत्रात बिहाग, बागेश्री किंवा मालकंस गाईन. सारंगाचे प्रकार दुपारचे, ते उन्हाळ्यात सकाळच्या लांबलेल्या सत्रात शोभतात. मात्र तुमची रचना हे गीत आहे आणि त्यात पावसाची वाट पाहणे असेल, तर त्यासाठी वैशाखाइतका योग्य महिना नाही.

प्रश्न : आमचा उत्सव रात्री दहाला बंद करावा लागतो. माळव्याची रात्र तर तेव्हाच सुखाची होऊ लागते. अधिक वेळ मिळवता येत नाही का? शिवाय शेजारच्या वस्तीतून आवाजाच्या तक्रारी येतात, त्याचे काय करावे?
— एक आयोजक, खरगोन जिल्हा

शब-ए-माळवा म्हणून जिची ख्याती झाली, ती रात्र दहानंतरच गार होते, हे खरे आहे. पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी रात्री 12 पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, परंतु वर्षभरात अशा दिवसांची संख्या 15 हून अधिक नसावी लागते आणि ते दिवस बहुधा मोठ्या सणांकडे जातात. त्यामुळे सूट मिळेल या भरवशावर कार्यक्रम आखू नये. संध्याकाळी ठीक सातला सुरुवात केली, तर पावणेतीन तासांचे गाणे सहज होते. आपल्याकडचे उशिरा सुरू होणे हाच खरा वेळेचा चोर आहे. दहानंतर गाणे हवेच असेल, तर ध्वनिक्षेपक बंद करून वाड्याच्या चौकात पन्नास-साठ जणांची बैठक करावी. स्वतंत्र कलावंतांचे उत्तम गाणे मी अशाच बैठकींत ऐकले आहे.

तक्रारींमागे हवेचेही कारण आहे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि ध्वनी वरच्या दिशेला वळतो. रात्री जमीन निवल्यावर खालची हवा गार आणि वरची उबदार राहते, ध्वनी खाली वळतो आणि दूरच्या वस्तीत स्पष्ट ऐकू येतो. सात वाजता ज्या पातळीवर कोणी कुरकुरले नाही, तीच पातळी साडेनऊला त्रास देते. म्हणून रात्र चढेल तसा आवाज उतरवण्याची सूचना साउंडवाल्याला आधीच द्यावी. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून 10 डेसिबलपेक्षा अधिक जाऊ नये, असा नियम आहे. रंगमंचाच्या दोन बाजूंना दोन राक्षसी खोकी लावण्यापेक्षा मैदानात श्रोत्यांजवळ चार-सहा लहान ध्वनिक्षेपक वस्तीकडे पाठ करून लावले, तर मागच्या रांगेलाही शब्द कळतात आणि शेजारीही झोपतात. मैदान लांबट असेल, तर मागच्या ध्वनिक्षेपकांना किंचित विलंब द्यावा लागतो, कारण रंगमंचावरचा सूर चौतीस मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. तो विलंब दिला नाही तर शब्द दुहेरी ऐकू येतात. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा 100 मीटरचा परिसर शांतताक्षेत्र म्हणून घोषित झालेला असू शकतो, जागा निवडतानाच ते पाहावे.

प्रश्न : एका उत्सवात मी माझ्या तीन रचना आणि भा. रा. तांबे यांच्या दोन कविता गायले. आयोजकांनी न विचारता सर्व कार्यक्रम चित्रित करून त्यांच्या वाहिनीवर टाकला. आता त्यावर जाहिरातीही दिसतात. मला काही बोलता येईल का? आणि तांब्यांच्या कविता गाण्यासाठी कोणाची परवानगी घ्यायला हवी होती?
— एक गायिका, ग्वाल्हेर

तुम्हाला बोलता येईल आणि तुम्ही बोलावे. कॉपीराइट कायदा 1957 चा असून 2012 च्या दुरुस्तीने कलावंतांची बाजू बरीच भक्कम झाली आहे. तुमच्या तीन रचनांचे हक्क, तुम्ही कोणाला लिहून दिलेले नसतील, तर तुमचेच आहेत. शिवाय गाणारी म्हणून त्या संध्याकाळच्या सादरीकरणावर तुमचा स्वतंत्र हक्क आहे : ते ध्वनिमुद्रित किंवा चित्रित करणे आणि लोकांपर्यंत पोहोचवणे यासाठी तुमची संमती लागते आणि हा हक्क पुढील 50 वर्षे टिकतो. आयोजकांनी मंडप उभारला, बिदागी दिली, एवढ्याने तो त्यांच्याकडे जात नाही.

पहिले पाऊल मात्र भांडणाचे नसावे. सौम्य शब्दांत लेखी कळवावे, की चित्रणास संमती घेतली नव्हती. एक तर ते उतरवावे, नाही तर कवी-संगीतकार-गायक-वादक यांची नावे नीट घालून, जाहिरातीचे उत्पन्न कसे वाटायचे ते ठरवून ठेवावे. बहुतेक लहान समित्यांना हा नियमच माहीत नसतो आणि सांगितल्यावर त्या ऐकतात. न ऐकल्यास वाहिनी ज्या मंचावर आहे तिथे हक्कभंगाची तक्रार नोंदवण्याची सोय असते.

तांबे मुंगावलीला जन्मले, त्यांचे आयुष्य मध्य भारतात गेले आणि ते 1941 मध्ये ग्वाल्हेरलाच निवर्तले. कवीच्या मृत्यूनंतर पुढची 60 वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. तांब्यांच्या बाबतीत तो काळ केव्हाच उलटला आहे, म्हणून त्यांच्या कविता कोणीही गावी. परंतु शब्द मोकळे झाले म्हणजे चालही मोकळी झाली असे नाही. त्यांच्या ज्या कविता विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या चालींत लोकप्रिय झाल्या, त्या चालींचे हक्क त्या त्या संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजले जातात. तुकोबांच्या अभंगांनाही हाच न्याय लागू होतो. तुम्ही नवी चाल लावली असेल तर प्रश्नच मिटला आणि ती चाल तुमची झाली. दुसऱ्याची चाल असेल, तर जाहीर कार्यक्रमासाठी परवाना लागतो आणि तो आयोजकांनी घ्यायचा असतो. गीतकार आणि संगीतकार यांच्या वतीने असे परवाने देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था 1969 पासून आहे. तुम्ही स्वतः रचनाकार असल्याने तिचे सदस्यत्व घेण्याचा विचार अवश्य करा आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणत्या रचना गायल्या त्याची यादी जपून ठेवा. स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हिशेब त्या यादीशिवाय होत नाही.

प्रश्न : उत्सवाला तिकीट लावले तर गावकरी नावे ठेवतील आणि जीएसटीची भानगड मागे लागेल, अशी भीती आमच्या समितीला वाटते. ती खरी आहे का?
— एक कार्यकर्ती, धार

कराची भीती बहुतांशी अनाठायी आहे. संगीताच्या कार्यक्रमाचे प्रवेशशुल्क माणशी 500 रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. शास्त्रीय किंवा लोकसंगीत सादर करणाऱ्या कलावंताच्या एका कार्यक्रमाच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनालाही सूट आहे. आधुनिक गीते गाणाऱ्याला ही दुसरी सूट मिळत नाही, तरी वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असणाऱ्या कलावंताला सर्वसाधारणपणे नोंदणीची गरज नसते. आपल्या हिशेबनिसाला एकदा विचारून घ्यावे, म्हणजे झाले.

नावे ठेवण्याबद्दल म्हणाल, तर राजेरजवाड्यांच्या दरबारापलीकडे जाऊन सामान्य लोकांसमोर तिकीट लावून गाण्याचा मार्ग पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवला आणि 1901 मध्ये लाहोरला त्यांनी उभारलेले गांधर्व महाविद्यालयही एखाद्या संस्थानिकाच्या तनख्यावर नव्हे, तर लोकांच्या पाठबळावर चालले. माफक तिकीट लावावे, मुलांना आणि विद्यार्थ्यांना मोकळा प्रवेश द्यावा आणि तिकिटाच्या रकमेतून कलावंतांना किती दिले ते दाराशी फळ्यावर लिहावे. पैसे कोठे गेले हे दिसले, की लोक कुरकुरत नाहीत.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी स्वतः गाणी रचते. मे महिन्यात तिचा पहिला जाहीर कार्यक्रम एका लहान गावी आहे. उन्हाने आवाज बसेल, अशी काळजी वाटते.
— एक आई, इंदूर

पाणी गाण्याच्या वेळी नव्हे, दिवसभर थोडे थोडे प्यायला द्यावे. ऐनवेळी प्यायलेल्या पाण्याचा फारसा उपयोग होत नाही. दुपारी ऊन आणि धूळ टाळून झोप घ्यावी. आवाज बसण्याचे खरे कारण पुष्कळदा वेगळेच असते : गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून तो ओरडू लागतो. तिच्यासमोर लहान ध्वनिक्षेपक असावा आणि त्यात तिचा आवाज वाद्यांपेक्षा वर असावा, एवढे साउंडवाल्याला सांगण्यासाठी लोक येण्यापूर्वी अर्धा तास राखून ठेवा आणि तिने तेव्हा पूर्ण गळ्याने न गाता दोन कडवी म्हणून पाहावीत.

प्रश्न : मी व्हायोलिनची साथ करतो. प्रत्येक पत्रिकेवर मुख्य कलावंताचे नाव ठळक आणि आमच्यासाठी "व साथीदार" एवढेच असते. हे बदलावे असे कोणाला सांगायचे?
— एक साथीदार, देवास

प्रथम मुख्य कलावंताला सांगा, कारण पत्रिकेचा मजकूर बहुधा तोच पाठवतो. आपल्या सादरीकरणाचा कलावंत म्हणून ओळखले जाणे, हा 2012 नंतर साथीदाराचाही कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. तेव्हा ही मागणी मानापानाची म्हणून मागे ठेवू नका. स्वतंत्र कलावंतांच्या संचात तर व्हायोलिनवादकाने बांधलेली सुरावट रचनेचाच भाग असते आणि तसे असेल तर रचनेच्या श्रेयात तुमचा वाटा किती, हेही गाणे तयार होत असतानाच आपसांत लिहून ठेवावे. पत्रिकेसाठी मात्र छपाईला जाण्याच्या आठवडाभर आधी संचातील प्रत्येकाचे नाव आणि वाद्य एका संदेशात आयोजकांना पाठवून कच्चा मसुदा मागवून घ्यावा आणि तोच कागद निवेदकाच्या हातीही द्यायला सांगावा.